ब्राउझरमध्ये एफटीपीची लिंक उघडत नाही? काय करायचं, पायरीपायरीने

दिवाळी अंकांचं काम ऐन भरात असताना ओळखीच्या एका अक्षरजुळणीवाल्या काकांचा फोन आला. "अरे, छापखान्याची लिंक उघडतच नाहीये. काल अख्खा दिवस गेला. प्रूफ बघायचंय रे!" छापखान्याने काही वर्षांपूर्वी त्यांना चिठ्ठीवर एक पत्ता लिहून दिला होता. सुरुवातीला एफटीपी, मग दोन तिरक्या रेघा, मग नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता, सगळं एकाच ओळीत. ती ओळ त्यांनी क्रोममध्ये बुकमार्क करून ठेवली होती. क्लिक केलं की फोल्डर उघडायचं, त्यातली प्रूफची पीडीएफ उतरवून घ्यायची, झालं काम. नवा कॉम्प्युटर आला आणि हे सगळं थांबलं. शेजारच्या मुलाने उपाय म्हणून कुठल्याशा साइटवरून फायरफॉक्सची जुनी आवृत्ती टाकून दिली. लिंक उघडली, काका खूश झाले. आणि त्याच जुन्या फायरफॉक्समधून ते बँकेचे व्यवहारही करू लागले.

त्या जुन्या फायरफॉक्समुळे मी हे लिहायला बसलो आहे. बंद पडलेल्या लिंकवर बरेच साधे उपाय आहेत. पण अनेक वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या न मिळालेला ब्राउझर रोजच्या वापरात ठेवणं हे घराचं दार काढून ठेवण्यासारखं आहे. कुणी तुमच्याकडे असं काही करून दिलं असेल तर लेख पुढे वाचण्याआधी तो ब्राउझर काढून टाका. त्यातून वापरलेले बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, अद्ययावत ब्राउझरमधून बदला.

नेमकं काय झालं

एफटीपी म्हणजे एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर नेण्याचे ठरलेले नियम. हे नियम वेबपेक्षा जुने आहेत. १६ एप्रिल १९७१ रोजी एमआयटीमध्ये काम करणाऱ्या अभय भूषण यांनी त्यांचा पहिला मसुदा मांडला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. आज चालतं ते रूप १९८५ साली जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी लिहून काढलं. त्या काळात जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, लोक एकमेकांना ओळखत होते. त्यामुळे नाव आणि पासवर्ड तारेवरून उघड्या अक्षरांत जातो, याचं कुणाला फारसं वावगं वाटलं नाही.

आज ती गोष्ट चालण्यासारखी नाही. तुम्ही साध्या एफटीपीने लॉगिन करता तेव्हा तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत मधे जो कुणी आहे त्याला तुमचा पासवर्ड जसाच्या तसा वाचता येतो. मग तो हॉटेलच्या वायफायवर बसलेला कुणी असो की वाटेतल्या एखाद्या बिघडवलेल्या राउटरचा धनी. वाटेत फाइल बदलून दुसरी घुसवली तरी तुम्हाला कळणार नाही.

ब्राउझरांनी हे एका रात्रीत बंद केलं नाही. डिसेंबर २०१७ पासून क्रोम एफटीपीच्या पानांवर 'सुरक्षित नाही' असं दाखवू लागला. २०२० मध्ये तो ते बंदच करणार होता, पण कोरोनाच्या धामधुमीत कुणाची सरकारी किंवा वैद्यकीय माहिती अडकू नये म्हणून निर्णय पुढे ढकलला. जानेवारी २०२१ मध्ये क्रोम ८८ ने एफटीपी सगळ्यांसाठी बंद केलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात क्रोम ९५ मधून त्याचा कोडच काढून टाकला. फायरफॉक्सने एप्रिल २०२१ मध्ये ८८ व्या आवृत्तीत ते बंद केलं आणि जुलैमध्ये ९० व्या आवृत्तीत काढलं. एज हा क्रोमच्याच गाभ्यावर उभा आहे, त्यामुळे त्याचीही तीच गत. ब्राउझरांच्या एफटीपीला कूटबद्ध जोडणी, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणारी, कधी येतच नव्हती. वापरणारे इतके कमी उरले होते की ती नव्याने बांधण्यात क्रोमच्या मंडळींना अर्थ दिसला नाही.

मधल्या काळात क्रोमच्या प्रायोगिक पानावर जाऊन, किंवा फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलून, एफटीपी पुन्हा चालू करता येत होतं. त्या युक्त्या सांगणारे लेख अजून शोधात वर येतात. त्यांवर वेळ घालवू नका, त्या कळीमागचं यंत्रच आता काढलेलं आहे. आता एफटीपीच्या लिंकवर क्लिक केलं की ब्राउझर फार तर ती दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवू का असं विचारतो, नाहीतर काहीच घडत नाही.

ब्राउझरने हात काढला म्हणून एफटीपीचे सर्व्हर बंद पडलेले नाहीत, हे लक्षात ठेवा. काकांचं प्रूफ सर्व्हरवर होतं तिथेच होतं.

आधी एक गोष्ट ठरवा

तुम्हाला कुणीतरी सगळ्यांसाठी ठेवलेली फाइल फक्त उतरवायची आहे, की नाव-पासवर्ड घालून फाइलींची नेहमीची देवघेव करायची आहे, की सर्व्हर तुमच्याच ताब्यात आहे? तिघांचे रस्ते वेगळे आहेत. मी पाहिलंय, लोक हे न ठरवता पहिला दिसेल तो प्रोग्राम टाकतात आणि मग त्याच्या चाळीस खिडक्यांत हरवतात.

फक्त उतरवायचं असेल तर

सगळ्यात आधी पत्त्याच्या सुरुवातीचा एफटीपी हा शब्द काढून तिथे एचटीटीपीएस लिहा आणि एंटर दाबा. पुढचा पत्ता तसाच ठेवायचा. त्यात सर्व्हरच्या नावाचा भाग म्हणून पुन्हा 'एफटीपी' आला असेल तर तो काढायचा नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा साठा असाच उघडतो. जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लागणारा अमेरिकेतल्या एनसीबीआयचा जनुकीय साठाही असाच उघडतो. दोन्हींच्या नावात अजून 'एफटीपी' आहे, पण दार एचटीटीपीएसचं आहे. हा पाच सेकंदांचा उपाय अनेकदा लागू पडतो, आणि तोच सगळ्यात चांगला, कारण जोडणी कूटबद्ध होते.

हे चाललं नाही तर त्या संस्थेच्या मुख्य संकेतस्थळावर जाऊन 'डाउनलोड' किंवा 'डेटा'चं पान शोधा. लिंक जुनी असते, फाइल बहुधा नव्या जागी असते. डेबियन या लिनक्स प्रणालीने आपल्या सार्वजनिक एफटीपी सेवा १ नोव्हेंबर २०१७ रोजी बंद केल्या. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, साठ्यानेही त्याच वर्षी ते केलं. दोघांकडचं सगळं एचटीटीपीवर मिळतं. उपग्रहांवरून स्थाननिश्चिती करणाऱ्या सर्वेक्षकांना आणि भूमापनाच्या विद्यार्थ्यांना लागणारा नासाच्या सीडीडीआयएसचा साठा २०२० च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत निनावी एफटीपीने मिळत असे. आता नासाच्या 'अर्थडेटा'चं फुकट खातं काढून तो एचटीटीपीएसवरून घेता येतो. जुन्या प्रबंधांत आणि प्रात्यक्षिकांच्या वह्यांत मात्र तोच जुना पत्ता छापलेला असतो आणि मुलं आपलंच काही चुकतंय असं समजत बसतात. प्राध्यापक मंडळींनी वह्यांमधले हे पत्ते एकदा तपासून घ्यावेत, ही माझी कळकळीची विनंती.

सर्व्हर खरोखरच फक्त एफटीपी बोलत असेल, फाइल सार्वजनिक असेल आणि पासवर्ड लागत नसेल, तर विंडोजवर फाइल एक्सप्लोरर उघडा. म्हणजे आपण फोल्डर बघतो तीच पिवळी खिडकी. वरच्या पट्टीत पूर्ण पत्ता चिकटवा, एंटर दाबा. फोल्डर दिसेल, हवी ती फाइल ओढून डेस्कटॉपवर आणा. मॅकवर फाइंडरच्या 'गो' मेन्यूत 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे, तिथे तोच पत्ता टाका. फाइंडरमधून एफटीपीवरची फाइल उतरवता येते, चढवता येत नाही.

अशी उतरवलेली फाइल प्रोग्राम असेल तर चालवण्याआधी तिचा ठसा तपासा. संस्थेच्या एचटीटीपीएस पानावर 'एसएचए-२५६' असं लिहून पुढे अक्षरं-आकड्यांची लांब माळ दिलेली असते. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलीवर उजवी क्लिक करून तिचा हा ठसा काढता येतो. दोन्ही माळा जुळल्या पाहिजेत. पहिली आणि शेवटची आठ-आठ अक्षरं बघून भागवू नका, पूर्ण माळ जुळवा. हा अतिसावधपणा वाटेल, पण २०११ साली व्हीएसएफटीपीडी या नावाजलेल्या एफटीपी सर्व्हर-प्रोग्रामच्याच अधिकृत साठ्यात कुणीतरी चोरदरवाजा असलेली फाइल ठेवली होती. डिजिटल सही जुळवून पाहणाऱ्याला ती खोटी असल्याचं लगेच कळत होतं. न पाहणाऱ्याने तिला आपल्या सर्व्हरवर बसवलं.

फोनमधून कॉम्प्युटरवर फोटो घेणाऱ्यांसाठी

बऱ्याच फोनांच्या फाइल मॅनेजरमध्ये केबल न लावता कॉम्प्युटरशी जोडण्याची सोय असते. ती सुरू केली की पडद्यावर १९२.१६८ ने सुरू होणारा एक पत्ता दिसतो, शेवटी बहुधा २१२१ हा आकडा. हे एफटीपीच आहे, फोन तेवढ्यापुरता सर्व्हर होतो. पूर्वी हा पत्ता क्रोममध्ये टाकला की फोटो दिसायचे. आता तोच पत्ता फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत टाका, काम होतं. फोन आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत. हे घरच्या वायफायवरच करा आणि काम झालं की फोनवरची ती सोय बंद करा. लग्नाच्या हॉलच्या किंवा लॉजच्या वायफायवर ती चालू ठेवलीत आणि पासवर्ड लावलेला नसेल, तर तिथल्या कुणालाही तुमचे फोटो उघडता येतील.

नेहमीची देवघेव: एसएफटीपीकडे या

आता मुख्य काम. ज्यांची स्वतःची छोटी वेबसाइट आहे, जे छापखान्याला पानं पाठवतात, जे एखाद्या संस्थेच्या सर्व्हरवर रोज फाइली ठेवतात, त्यांच्यासाठी फाइल एक्सप्लोररची युक्ती पुरत नाही. ती वापरूही नये, कारण तिथेही पासवर्ड उघडाच जातो.

नावं सारखी असल्याने इथे फार घोळ होतो, म्हणून आधी तेवढं नीट समजून घ्या. एफटीपीएस म्हणजे तेच जुनं एफटीपी, फक्त वरून टीएलएस या कूटबद्ध करणाऱ्या नियमांचं कवच चढवलेलं. एचटीटीपीला कवच चढवून एचटीटीपीएस होतं तसंच. एसएफटीपी ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. तिचा जुन्या एफटीपीशी नावापलीकडे संबंध नाही. ती एसएसएच या सुरक्षित जोडणीच्या आत चालते. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी जाणारे-येणारे पासवर्ड चोरून वाचत असल्याचं उघड झालं. तेव्हा तिथल्या तातू य्ल्योनेन यांनी एसएसएच लिहिलं. म्हणजे आपण ज्या दुखण्याबद्दल बोलतोय, त्याच दुखण्यावरचं हे औषध.

दोन्हींपैकी निवडता येत असेल तर मी डोळे झाकून एसएफटीपी निवडतो. एफटीपी किंवा एफटीपीएस दोन वेगवेगळ्या जोडण्या उघडतं, एक आज्ञांसाठी आणि दुसरी प्रत्यक्ष फाइलींसाठी. ही दुसरी जोडणी राउटर आणि फायरवॉलमध्ये हमखास अडकते. एसएफटीपी सगळं एकाच जोडणीतून नेतं, त्यामुळे अर्धी डोकेदुखी सुरुवातीलाच टळते.

पहिली पायरी: सर्व्हर ज्याचा आहे त्याला विचारा. वेबसाइटला जागा देणारी होस्टिंग कंपनी असो की छापखाना, चार गोष्टी लिहून घ्या. एसएफटीपी आहे का, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) कोणता, सर्व्हरचं नेमकं नाव काय, आणि सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (म्हणजे त्याची ओळख पटवणारी अक्षरांची माळ) काय. साधारणतः पोर्ट २२ असतो, पण अनेक कंपन्या मुद्दाम दुसरा ठेवतात. सी-पॅनल (होस्टिंग सांभाळायचं वेबपान) असलेल्या होस्टिंगवर एक गोम आहे: पॅनलमध्ये 'एफटीपी अकाउंट्स'खाली तुम्ही जी जास्तीची खाती काढता, ती एसएफटीपीवर चालत नाहीत. एसएफटीपी मुख्य खात्यानेच चालतं, आणि काही ठिकाणी त्यासाठी एसएसएच आधी चालू करून घ्यावं लागतं. मदतनीसाला फक्त आपल्या एका फोल्डरपुरतं खातं द्यायचं असेल तर त्याच्यासाठी एफटीपीएस वापरा. मुख्य पासवर्ड वाटत सुटण्यापेक्षा ते बरं.

दुसरी पायरी: प्रोग्राम घ्या. विंडोजवर विनएससीपी किंवा फाइलझिला, मॅकवर सायबरडक किंवा फाइलझिला. तिन्ही फुकट मिळतात. नवशिक्याला मी विंडोजवर विनएससीपी सुचवतो, कारण ते नवी जोडणी करताना आपणहून एसएफटीपीच पुढे करतं. प्रोग्राम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, शोधात वर आलेल्या जाहिरातीवरून नाही. २०१४ साली फाइलझिलाच्या हुबेहूब नकली आवृत्त्या फिरत होत्या. त्या व्यवस्थित चालत आणि तुमचा पासवर्ड गुपचूप भलतीकडे पाठवत. आणि खुद्द अधिकृत फाइलझिला बसवताना मधे दुसरे प्रोग्राम घेण्याबद्दल विचारणारा पडदा आला, तर घाईघाईने 'नेक्स्ट' दाबू नका, नको म्हणा.

तिसरी पायरी: जोडणी भरा. फाइलझिलात 'फाइल' मेन्यूतून 'साइट मॅनेजर' उघडा आणि 'न्यू साइट' दाबा. प्रोटोकॉलच्या यादीत सुरुवातीला एफटीपी दिसेल, ते बदलून एसएफटीपी करा. याच जागी सगळ्यात जास्त लोक चुकतात. होस्टमध्ये सर्व्हरचं नाव, पोर्टमध्ये सांगितलेला आकडा, यूजरमध्ये तुमचं नाव. लॉगऑन टाइपमध्ये 'आस्क फॉर पासवर्ड' निवडा, म्हणजे पासवर्ड कॉम्प्युटरवर साठणार नाही. रोज टाइप करायचा कंटाळा असेल तर सेटिंगमध्ये मास्टर पासवर्ड ठेवा. तो ठेवला नाही, तर साठवलेले पासवर्ड तुमच्या फाइलींपर्यंत पोहोचलेल्या कुणालाही सहज काढता येतील अशा स्वरूपात पडून असतात.

एसएफटीपी मिळतच नसेल तर प्रोटोकॉल एफटीपी ठेवून त्याखालच्या एन्क्रिप्शनच्या यादीत 'रिक्वायर एक्स्प्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस' निवडा. त्या यादीत 'इफ अव्हेलेबल' असाही पर्याय असतो. तो नको. त्यात सर्व्हरने कवच दिलं नाही तर जोडणी उघड्या एफटीपीवर घसरू शकते.

चौथी पायरी: पहिल्या जोडणीला थांबा आणि वाचा. एसएफटीपीने पहिल्यांदा जोडताना 'अननोन होस्ट की' असा पडदा येतो आणि त्यात सर्व्हरच्या किल्लीचा ठसा असतो. तो तुम्ही लिहून घेतलेल्या ठशाशी जुळवा. जुळला की कायमचा स्वीकारा. पुढे कधी 'किल्ली बदलली आहे' असा इशारा आला तर 'ओके' न दाबता सर्व्हरवाल्याला फोन करा. कदाचित त्यांनी मशीन बदललं असेल, कदाचित मधे कुणी भलताच उभा असेल. फोन केल्याशिवाय ते कळणार नाही.

एफटीपीएसमध्ये याच जागी प्रमाणपत्राचा पडदा येतो. स्वस्त सामायिक होस्टिंगवर 'नाव जुळत नाही' अशी तक्रार दिसली, तर बहुतेक वेळा कारण साधं असतं: तुम्ही होस्टमध्ये आपल्या वेबसाइटचं नाव लिहिलंय आणि प्रमाणपत्र कंपनीच्या सर्व्हरच्या नावाचं आहे. होस्टमध्ये सर्व्हरचं नाव लिहा, तक्रार जाते.

पाचवी पायरी: काही चढवण्याआधी जे तिकडे आहे ते उतरवून घ्या. सगळं. डावीकडे तुमचा कॉम्प्युटर, उजवीकडे सर्व्हर, उजवीकडचं फोल्डर धरून डावीकडे ओढा. वेबसाइटवर काम करताना एका चुकीच्या ओढण्याने मुखपृष्ठाची फाइल जुन्या फाइलीखाली गाडली गेल्याचं मी स्वतः अनुभवलंय. त्या दिवशी तारीख घातलेली एक प्रत कॉम्प्युटरवर होती म्हणून निभावलं. मोठी फाइल चढवताना तिला तात्पुरतं वेगळं नाव द्या आणि पूर्ण गेल्यावर खरं नाव द्या. म्हणजे पलीकडचा माणूस अर्धवट गेलेली पीडीएफ उघडून छपाईला लावणार नाही.

सहावी पायरी: जुना पासवर्ड बदला. हे लोक विसरतात. तोच पासवर्ड वर्षानुवर्षं उघड्या तारेवरून गेलेला आहे, तो फुटलेलाच आहे असं धरून चाला. नवा पासवर्ड सुरक्षित जोडणी चालू झाल्यावरच ठेवा आणि जुना दुसरीकडे कुठे वापरला असेल तर तिथेही बदला. बुकमार्कमध्ये, चिठ्ठीवर, व्हॉट्सअॅपच्या जुन्या निरोपांत पासवर्डासकट लिहिलेल्या लिंका पडल्या असतील, त्याही पुसा.

जमलं तर आणखी पुढे जाऊन पासवर्डाऐवजी किल्लीजोडी वापरा, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या दोन फाइली, एक सर्व्हरवर आणि एक तुमच्याकडे. विनएससीपीबरोबर पुटीजेन नावाचं छोटं साधन येतं. त्यात 'एड२५५१९' प्रकार निवडून जोडी तयार करा. सार्वजनिक अर्धा सर्व्हरवाल्याला द्या. खासगी अर्ध्याला सांकेतिक वाक्य लावून तो स्वतःजवळ ठेवा. तो कुणालाही, अगदी मदत करणाऱ्या तंत्रज्ञालाही, पाठवायचा नाही.

अडलं तर

लॉगिन होतं पण फोल्डरची यादी येत नाही आणि चक्र फिरत राहतं: ही एफटीपी-एफटीपीएसची दुसऱ्या जोडणीची अडचण. सेटिंगमध्ये 'पॅसिव्ह मोड' आहे का बघा. तरी चालत नसेल तर सर्व्हरवाल्याला पॅसिव्हसाठीचे पोर्ट फायरवॉलमध्ये उघडायला सांगा, किंवा सरळ एसएफटीपी मागा. ५३० हा आकडा दिसला तर नाव किंवा पासवर्ड चुकतोय. सामायिक होस्टिंगवर नाव पुष्कळदा ईमेल पत्त्यासारखं पूर्ण लिहावं लागतं. ५५० दिसलं तर फाइल तिथे नाही किंवा तुम्हाला त्या फोल्डरात परवानगी नाही.

चित्रं किंवा झिप फाइल पोहोचते पण उघडत नाही, तेव्हा हस्तांतराचा प्रकार 'अॅस्की' असतो. एफटीपी मजकुराच्या फाइलींतली ओळीअखेरची खूण वाटेत बदलू शकतं, आणि चित्राला तेच केलं की चित्र मोडतं. प्रकार 'बायनरी' करा. एसएफटीपीत ही भानगड सहसा येत नाही.

आणि आपल्या लोकांना येणारी एक खास अडचण. फाइलींची नावं देवनागरीत असली की जुन्या सर्व्हरवर त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र चिन्हांची रांग दिसते. एफटीपी घडलं तेव्हा इंग्रजी अक्षरांपलीकडच्या नावांचा विचार त्यात नव्हता. युनिकोडची सोय १९९९ मध्ये जोडली गेली आणि ती सगळ्या सर्व्हरांनी नीट उचलली नाही. फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये 'कॅरसेट' (Charset) नावाचा भाग आहे, तिथे 'फोर्स यूटीएफ-८' निवडून पाहा. तरी नावं बिघडत असतील तर सगळ्या फाइली एका झिपमध्ये बांधा आणि त्या झिपला इंग्रजी अक्षरं-आकड्यांचं छोटं नाव द्या. आतली मराठी नावं त्या सर्व्हरच्या तावडीतून सुटतात. सेव्हन-झिपने बांधलं आणि सेव्हन-झिपनेच सोडलं तर नावं शाबूत राहतात.

कार्यालयातला स्कॅनर आणि कॅमेरे

मोठ्या झेरॉक्स-स्कॅनर यंत्रांत 'स्कॅन टू एफटीपी' असतं, काही सीसीटीव्ही कॅमेरेही फोटो एफटीपीने टाकतात. ब्राउझरचा यांच्याशी संबंध नाही, त्यामुळे ती चालू आहेत आणि राहतील. कार्यालयाच्या आतल्या जाळ्यावर मी ती लगेच बंद करा म्हणणार नाही. पण यंत्राला स्वतंत्र खातं द्या, त्या खात्याला एकाच फोल्डरात लिहिण्यापुरती परवानगी ठेवा, आणि तो सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवरून पोहोचता येणार नाही याची खात्री करा. यंत्राच्या सेटिंगमध्ये एसएफटीपी किंवा एफटीपीएस आहे का तेही बघा, नव्या यंत्रांत पुष्कळदा असतं पण कुणी निवडलेलं नसतं.

सर्व्हर तुमचाच असेल तर

छापखाना, महाविद्यालय, वाचनालय, कुणाचाही असो. आधी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदवह्या, म्हणजे लॉग, काढून कोण अजून एफटीपीने येतंय त्याची यादी करा. त्यात माणसं सापडतील तसा एखादा विसरलेला बॅकअपचा प्रोग्रामही सापडेल. सगळ्यांसाठी असलेल्या फाइली वेबसर्व्हरमधून एचटीटीपीएसवर द्या. फोल्डरांची रचना तीच ठेवलीत तर लोकांना पत्त्याचा फक्त पहिला शब्द बदलावा लागेल. खासगी देवघेवीसाठी एसएफटीपी उभं करा. लिनक्सवर त्यासाठी लागणारा ओपनएसएसएच हा प्रोग्राम बहुधा आधीच असतो. वापरणाऱ्याला त्याच्या फोल्डरात कोंडून ठेवायचं तर त्या कोंडवाड्याच्या मूळ फोल्डराचा मालक रूट, म्हणजे सर्व्हरचं सर्वाधिकारी खातं, हवा आणि तिथे दुसऱ्या कुणाला लिहिण्याची परवानगी नको. नाहीतर लॉगिन होताच जोडणी तुटते आणि कारण शोधण्यात दुपार जाते. लिहिण्यासाठी आत वेगळं फोल्डर करून द्या.

मग आपल्या वेबसाइटची पानं, माहितीपत्रकं, पीडीएफ यांत एफटीपीच्या लिंका शोधून बदला. यादीतल्या प्रत्येकाला ईमेल करा, आणि जे ईमेल बघत नाहीत त्यांना फोन करा. महिनाभर दोन्ही दारं उघडी ठेवा, रोज लॉग बघा. एफटीपीवर कुणी येईनासं झालं की २१ नंबरचा पोर्ट फायरवॉलमध्ये बंद करा आणि तो सर्व्हर-प्रोग्राम काढून टाका.

काकांच्या छापखान्याशी मी बोललो. त्यांच्या सर्व्हरवर एसएफटीपी आधीपासून चालू होतं, चिठ्ठी तेवढी जुनी होती. विनएससीपी टाकून, ठसा जुळवून, नवा पासवर्ड ठेवून अर्ध्या तासात प्रूफ हातात आलं. जुना फायरफॉक्स काढला, बँकेचा पासवर्ड बदलला. चिठ्ठी काकांनी फाडली आणि नव्या कागदावर पोर्टचा आकडा आणि किल्लीचा ठसा लिहून मॉनिटरला चिकटवला. पासवर्ड त्या कागदावर नाही, हे मी दोनदा पाहून घेतलं.